अंध मुलाच्या हाती काय द्यायचे?

जव्हार आणि मोखाडा ही नावे महाराष्ट्राच्या कानावर पडतात ती बहुधा उपासमारीच्या बातमीबरोबर. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे झालेल्या बालमृत्यूंनी राज्यकर्त्यांची झोप काही काळ उडवली. योजना आल्या, पथके आली, २०१४ साली पालघर हा वेगळा जिल्हाही झाला. तथापि दिवाळी सरली की पाड्यांवरची धडधाकट माणसे आजही वीटभट्ट्यांची आणि बांधकामांची वाट धरतात, आणि पावसाळ्यात धो धो कोसळून वाहून गेलेले पाणी चैत्र-वैशाखात बायकांना डोक्यावरून आणावे लागते. अशा मुलखासंबंधी लिहिताना दृष्टिहीनांसाठी करावयाच्या एका खेळण्याचा, हातांनी चाचपून सोडवण्याच्या कोड्याचा, विचार या स्तंभात मांडावा हे काही वाचकांना अप्रस्तुत वाटेल. ज्या घरी डाळ शिजत नाही त्या घरी खेळणे कसले, असे ते विचारतील. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर आधीच दिले पाहिजे.

भूक आणि अंधत्व यांचे नाते जुने आहे. आहारात अ जीवनसत्त्व कमी पडले की प्रथम रातांधळेपणा येतो. त्यातच गोवराने किंवा जुलाबाने मूल खचले तर डोळा कायमचा जाऊ शकतो. हे टाळण्यासाठी मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला व त्याने पुष्कळ डोळे वाचवले. परंतु जन्मजात दोषाने, आजाराने किंवा वेळेवर उपचार न मिळाल्याने ज्यांची दृष्टी गेली वा अधू झाली, त्या मुलांचे पुढे काय? त्यांना पोटभर अन्न मिळणे हा न्यायाचा केवळ पूर्वार्ध आहे. डोळस मूल अंगणात नुसते बसून राहिले तरी शिकत असते. कोंबडी पळाली, आई सुपात धान्य पाखडते आहे, बाबा कोयता घेऊन निघाले, हे सारे त्याच्याकडे आपण होऊन चालत येते. अंध मुलाचे जग मात्र त्याचा हात पोचतो तेथे संपते. तो हात रिकामा राहिला तर त्याचे शिक्षणच खुंटते. घरच्यांच्या मायेला तोटा नसतो. पण पडेल, लागेल या काळजीने ते मुलाला एका जागी बसवतात आणि प्रत्येक वस्तू आयती हातात देतात. मग आठव्या-नवव्या वर्षी हे मूल निवासी शाळेत पोचते तेव्हा त्याच्यापुढे ब्रेल लिपी येते. तिचा ठिपका कागदावर जेमतेम अर्धा मिलिमीटर उंच आणि शेजारच्या ठिपक्यापासून सुमारे अडीच मिलिमीटर अंतरावर. ज्या बोटांनी आजवर गोल आणि चौकोन यांतला फरकही निवांतपणे चाचपलेला नाही, त्यांना हे ठिपके गोंधळून टाकतात, आणि मूल मंदबुद्धीचे आहे असा शिक्का सहज बसतो. म्हणूनच स्पर्शाचे कोडे ही चैनीची वस्तू होत नाही. अंध मुलाची ती पहिली अंकलिपी होय.

येथेच आपल्या कायद्यातील एक पोकळी दिसते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला आणि अशा विद्यार्थ्याला पुस्तके, शैक्षणिक साहित्य व योग्य साधने विनामूल्य पुरवण्याची जबाबदारी शासनावर टाकली. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनेही शिक्षणाचा मूलभूत हक्क ६ ते १४ या वयालाच दिला. त्याआधीची सहा वर्षे मार्गदर्शक तत्त्वांच्या स्वाधीन राहिली. वस्तुतः बोटांचे शिक्षण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सुरू व्हावे लागते. म्हणजे साधनाची गरज सर्वांत तीव्र असते त्या वयात हक्क नाही, आणि हक्क मिळतो तेव्हा बरीच वर्षे वाया गेलेली असतात. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी २०२३ च्या फेब्रुवारीत केंद्र शासनाने ‘जादुई पिटारा’ हा खेळण्यांचा संच काढला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अंगणवाडीतील अपंग मुलांसाठी कार्यपद्धतीही जाहीर केली. खेळणे हे शिक्षणाचे साधन आहे आणि अपंग मूल अंगणवाडीचे आहे, ही दोन्ही तत्त्वे त्यामुळे शासनाने मान्य केली आहेत. आता प्रश्न उरतो तो प्रत्यक्ष वस्तूचा: अंध मुलाच्या हाती नेमके काय द्यायचे, ते कोणी घडवायचे आणि त्याचा खर्च कोणी उचलायचा?

वस्तू कशी असावी हे ठरवताना ब्रेल लिपीचाच इतिहास मार्गदर्शक ठरतो. फ्रान्समधील शार्ल बार्बिये या डोळस लष्करी अधिकाऱ्याने उंचवट्याच्या ठिपक्यांची एक लिपी तयार केली होती. कल्पना उत्तम होती. पण तिच्या एका चिन्हात बारा ठिपक्यांपर्यंत जागा होती आणि ते बोटाच्या टोकाखाली एका स्पर्शात मावत नसे. ही अडचण डोळ्यांनी कळणारी नव्हतीच. खोगीर व चामड्याचे सामान करणाऱ्या कारागिराचा अंध मुलगा लुई ब्रेल याने १८२४ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, ठिपके सहावर आणले आणि लिपी बोटाच्या मापाची झाली. यातून निघणारा नियम आजही लागू आहे. डोळसांनी सद्भावनेने केलेली वस्तू अंधांच्या हातून तपासून घेतल्याखेरीज पुरी झाली असे समजू नये.

हा नियम न पाळल्याचे फळ आजच्या ‘स्पर्शाच्या’ खेळण्यांत दिसते. पुठ्ठ्याच्या चित्रकोड्यावर हत्तीची बाह्यरेषा दोऱ्याने उठावदार केली, की अंध मुलासाठी खेळणे झाले असा समज असतो. परंतु कागदावरचा हत्ती हा डोळ्यांनी केलेला संकेत आहे. ज्याने हत्ती कधी चाचपला नाही त्याला ती रेघ नुसती वेडीवाकडी रेघच वाटणार. जन्मांध माणसाला दृष्टी आली तर हाताने ओळखीचे असलेले घन आणि गोल तो नुसते पाहून ओळखील काय, हा प्रश्न मॉलिन्यू या आयरिश विद्वानाने १६८८ साली विचारला होता. त्याचे प्रायोगिक उत्तर आपल्याच देशातून आले. दिल्लीत शस्त्रक्रियेने दृष्टी मिळालेल्या काही मुलांच्या बाबतीत ‘प्रोजेक्ट प्रकाश’च्या संशोधकांना २०११ साली असे आढळले की, हाताने चाचपलेला आकार डोळ्यांनी ओळखणे त्यांना प्रारंभी जमले नाही; काही दिवसांच्या सरावाने ते जमू लागले. स्पर्शाचे ज्ञान हे दृष्टीच्या ज्ञानाची दुय्यम प्रत नसून त्याची घडण स्वतंत्र आहे. डोळा वस्तू एकदम पाहतो. हात ती तुकड्यातुकड्यांनी जोडत जातो. कोडे रचायचे ते हाताच्या या रीतीला धरून.

सुदैवाने या कामाची एक थोर परंपरा पालघर जिल्ह्यातच आहे. इतार आणि सेगँ या फ्रेंच वैद्यांनी समाजाने टाकून दिलेल्या अपंग मुलांसाठी जी साधने योजली, त्यांवरून स्फूर्ती घेऊन मारिया माँटेसरीबाईंनी आपले साहित्य तयार केले: खुंटीने उचलायचे लाकडी दट्टे, खाचेत बसणारे भूमितीचे आकार, खरखरीत व गुळगुळीत फळ्या. १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले. पुढे मात्र हे साहित्य जगभर महागड्या शाळांचे भूषण बनले. ते पुन्हा गरिबाच्या अंगणात आणण्याचे काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केले. १९४५ साली बोर्डीला आणि त्यानंतर कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. आणि विकतचे साहित्य परवडत नाही हे पाहून बिया, शिंपले, पाने, माती, बांबू यांतून शिकवण्याची साधने घडवली. जे साहित्य मुळात अपंग मुलांच्या गरजेतून जन्मले ते असे डहाणूच्या वारली पाड्यापर्यंत आले. तेथून जव्हार-मोखाड्याच्या अंध मुलापर्यंतचे अंतर चालून जाणे एवढेच काम आपल्याकडे राहिले आहे.

या मुलखात घडवायचे कोडे कसे असावे? प्रथम त्याला काठ हवा. डोळस मुलाच्या हातून तुकडा निसटला तर नजरेने सापडतो. अंध मुलाच्या दृष्टीने तो हरवलाच. म्हणून उभ्या काठांची लाकडी तबकडी, तिच्यात आकारांच्या खाचा आणि सुटे तुकडे ठेवण्यास बाजूला कप्पा असावा. तबकडीचा एक कोपरा छाटलेला असला की वरची बाजू कोणती हे हाताला विचारावे लागत नाही. दुसरे, एका वेळी एकच फरक असावा. आधी केवळ आकार, मग केवळ लहानमोठेपणा, मग केवळ पोत. तिन्ही एकदम दिले तर कोडे कठीण होत नाही, निरर्थक होते. तिसरे, तुकडा आपल्याच खाचेत बसावा, दुसऱ्या खाचेत बसू नये. यामुळे चुकले की बरोबर आले हे मुलाला स्वतःच्या हाताने कळते. ज्याला दिवसभर ‘हे घे, ते सोड, तिकडे नको’ असे दुसऱ्याचे शब्द ऐकूनच वागावे लागते, त्याला कोणाच्याही होकाराविना आपले उत्तर तपासता येणे ही स्वातंत्र्याची पहिली चव आहे.

आकार कोणते घ्यावेत याचे उत्तर वारली भिंतीवरच आहे. वारली चित्रातला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आणि वर एक गोल. हा माणूस लाकडाच्या तीन तुकड्यांत करता येतो, आणि तो हाताला कळतो, कारण त्यात दूरचे-जवळचे असे डोळ्यांचे खेळ नाहीत. गेरूच्या तांबूस भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ हा तर अल्पदृष्टी मुलांना उपयोगी पडणारा ठळक रंगविरोध आहे. तबकडी गेरूच्या रंगाची व तुकडे पांढरे केले तर अंध, अधू दृष्टीचे आणि डोळस अशी तिन्ही मुले एकाच कोड्याभोवती बसू शकतील. ही गोष्ट महत्त्वाची आहे. केवळ अंध मुलासाठी म्हणून केलेले खेळणे त्याला एकटे पाडते. बहिणीला आणि शेजारच्या पोरालाही हवेसे वाटणारे खेळणे त्याला सोबती मिळवून देते.

पोतांसाठी दूर जावे लागत नाही. बांबूची गुळगुळीत पाठ आणि रेषाळ पोट, गोणपाट, काथ्या, मऊ सुती कापड हे सारे बोटांना स्पष्ट वेगळे लागते. बांबूच्या पेरांत चिंचोके, भात, खडे भरून तोंडे पक्की बंद केली तर आवाजावरून जोड्या लावण्याचे कोडे होते. शेवटच्या पायरीवर सहा भोकांची फळी आणि सहा खुंट्या द्याव्यात, तीन-तीनच्या दोन उभ्या रांगांत. डाव्या रांगेत सर्वांत वरची एक खुंटी लावली की भारती ब्रेलमधला ‘अ’ होतो. त्याच रांगेत सर्वांत खाली आणखी एक लावली की ‘क’ होतो. खेळता खेळता मूल लिपीच्या उंबरठ्याशी येते. सुरक्षिततेचे नियम मात्र काटेकोर हवेत: तुकडा तोंडात मावणार नाही एवढा मोठा, कडा घासलेल्या, शिसे असलेला तेलरंग वर्ज्य. आणि जव्हारचा पाऊस लक्षात घेऊन खाच तुकड्यापेक्षा किंचित सैल हवी. नाही तर श्रावणात लाकूड फुगून कोडे जाम होईल आणि मुलाला वाटेल की चूक आपलीच.

हे कोडे मुलांपुरते मर्यादित समजण्याचे कारण नाही. अंधशाळांतून गणितासाठी वापरली जाणारी टेलर पाटी हे असेच एक साधन आहे: अष्टकोनी भोकात खिळा आठ दिशांना बसतो आणि दिशेवरून अंक ओळखता येतो. अंधांच्या बुद्धिबळाच्या पटावर काळी घरे उंच असतात, मोहरी भोकात रोवलेली असतात आणि काळ्या मोहऱ्यांना वरून ओळखीची खूण असते. मुंबईचे चारुदत्त जाधव यांच्यासारख्या अंध खेळाडूंनी हा खेळ देशभर संघटित केला तो अशा पटांच्या बळावर. मोतीबिंदूने नजर गेलेला आणि शस्त्रक्रियेची वाट पाहत ओटीवर बसलेला म्हाताराही माणूसच आहे. त्यालाही दिवस असतो आणि तो घालवावा लागतो.

आता अर्थशास्त्राचा प्रश्न. बाजार हे खेळणे का करीत नाही? कारण बाजार गरज मोजत नाही. ज्या गरजेच्या खिशात पैसे आहेत तीच त्याला मागणी म्हणून दिसते. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे ५० लाख माणसांना दृष्टीचे अपंगत्व असल्याची नोंद झाली. संख्या लहान नाही. परंतु ती गावोगाव विखुरलेली आणि बहुशः गरीब आहे. लेगो या डॅनिश कंपनीने ब्रेलच्या विटा तयार केल्या आणि प्रारंभी त्या संस्थांमार्फत विनामूल्य दिल्या, हे स्तुत्य आहे. २०२३ साली त्या दुकानात आल्या तेव्हा २८७ विटांच्या संचाची अमेरिकेतील किंमत सुमारे ९० डॉलर होती, आणि भाषा इंग्रजी व फ्रेंच. त्या वेळच्या दराने ही रक्कम साडेसात हजार रुपयांच्या घरात जाते. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे एका खेळण्यासाठी मजुराच्या पंचवीस दिवसांची कमाई. अशा व्यवहारात मोखाड्याचा बाप ग्राहक म्हणून उभाच राहू शकत नाही. येथे सार्वजनिक खरेदी हाच मार्ग उरतो, आणि ती खरेदी कोणाकडून होते यावर बरेच अवलंबून आहे.

हे खेळणे दूरच्या कारखान्यातून निविदा काढून आणले तर खेळणे मिळेल, पण पैसा तालुक्यात राहणार नाही. बोहाड्याचे मुखवटे घडवणारे हात याच दोन तालुक्यांत आहेत. मुखवटा ही तर स्वभावतः हाताला कळणारी कला. शेजारच्या विक्रमगड तालुक्यात आदिवासी स्त्रियांनी बांबूचे आकाशकंदील करून शहरात विकून दाखवले आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानून त्यावर ग्रामसमाजाची मालकी मान्य केली. २०१७ साली वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आला. कच्चा माल, कसब आणि कायदा तिन्ही जुळून आलेली असताना स्त्रियांच्या सहकारी संस्थेने अंगणवाड्यांसाठी कोडी करावीत आणि स्थलांतराच्या महिन्यांत काही घरे तरी गावात राहावीत, यात अशक्य काहीच नाही. एक व्यावहारिक अडचण आहे ती आताच ध्यानात घ्यावी. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना मात्र त्यातून सूट देण्यात आली. तेव्हा कारागिरांची नोंदणी हे पहिले काम.

पैशाचे काय? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग अपंगांसाठी खर्च करावा असा नियम महाराष्ट्रात आहे. परंतु ज्या पंचायतीचे उत्पन्नच नाममात्र, तेथे नाममात्राचे पाच टक्के ते किती? दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, आणि आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी अशा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय २०१५ साली झाला. शिक्षण व आरोग्य ही त्याच्या विनियोगाची मान्य शीर्षे आहेत, आणि खर्च कशावर करायचा हे ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. अंगणवाडीसाठी एका संचाचा ठराव करायला मंत्रालयाची पायरी चढावी लागत नाही.

धोकाही सांगितला पाहिजे. शासकीय साहित्य खराब होऊ नये म्हणून पेटीत कुलूपबंद राहते, कारण तपासणीत हिशेब सेविकेला द्यावा लागतो. खेळणे झिजले तर तो त्याच्या उपयोगाचा पुरावा मानला जावा, तुकडे स्थानिक कारागिराकडून बदलून मिळावेत, आणि सेविकेला व मदतनीस बाईंना डोळे बांधून ते कोडे स्वतः सोडवण्याचे प्रशिक्षण मिळावे. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या या स्त्रियांवर आणखी एक काम लादताना त्यांच्या वेतनाची मागणी विसरणे हा ढोंगीपणा ठरेल.

आपल्या कार्यकर्त्यांनी हे काम हाती घ्यावे. आपापल्या भागातील प्रत्येक पाड्यावर सहा वर्षांखालील कोणत्या मुलाला दिसत नाही किंवा कमी दिसते याची यादी सेविकेच्या मदतीने करावी, आणि ज्यांचा डोळा उपचाराने सुधारू शकतो त्यांना आधी रुग्णालयात न्यावे. कोणतेही खेळणे उपचाराची जागा घेऊ शकत नाही. मग एका सुताराकडून आणि एका बांबू विणणाऱ्या बाईकडून एकच संच करून घ्यावा. तो प्रथम एखाद्या प्रौढ अंध व्यक्तीच्या हाती द्यावा, तिने काढलेले दोष दुरुस्त करावेत, मापे लिहून काढावीत आणि कोणालाही फुकट वापरता येतील अशी खुली ठेवावीत. अंधांसाठी पुस्तके खुली करणारा मराकेश करार सर्वांआधी मान्य करणाऱ्या देशाला खेळण्यांची मापे खुली ठेवणे जड जाऊ नये. त्यानंतर येत्या ग्रामसभेत ठराव मांडावा. पहिल्या संचाचे वाटप मंत्र्यांच्या हस्ते, छायाचित्रासह, होण्याची काही गरज नाही. तो अंगणवाडीच्या ओसरीवर ठेवावा, अंध मूल आणि त्याची भावंडे त्याभोवती बसावीत, आणि त्या मुलाचा हात कोठे अडतो हे आपण बाजूला बसून पाहावे. पुढचा संच कसा करायचा हे त्यावरून ठरेल.